थांबावं की घ्यावं

2010 च्या उन्हाळ्यात आमच्या सांगलीच्या घरात जेवताना एकच विषय निघायचा. डिशचा रेकॉर्डर, म्हणजे कार्यक्रम उतरवून ठेवणारा बॉक्स, आत्ता घ्यायचा की थांबायचं? माझे धाकटे दीर पुण्याला नोकरीला, आणि टीव्ही-मोबाइलच्या बाबतीत घरचे जाणकार. त्यांचा फोनवरून एकच धोशा होता, "वहिनी, आत्ता नका घेऊ. एचडी येतंय. एकदा ते आलं की हा बॉक्स मातीमोल होणार." ह्यांचं तळ्यात-मळ्यात चाललेलं. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खल चालला होता, त्या माझ्या सासूबाई म्हणायच्या, "एवढे पैसे कशाला घालवताय? माझं काय अडलंय?"

भाऊजींचं म्हणणं हवेतलं नव्हतं. आपल्याकडे छतांवर डिश दिसायला लागून तेव्हा सातेक वर्षं झाली होती. 2003 साली डिश टीव्ही आला, पुढच्या वर्षी दूरदर्शनची मोफत सेवा, 2006 मध्ये टाटा स्काय, आणि त्यानंतर सन, रिलायन्स, एअरटेल, व्हिडिओकॉन अशी रांगच लागली. आधी आलेल्यांचे बॉक्स बहुतेक एमपेग-2 पद्धतीचे होते. चित्र दाबून लहान करायची ती जुनी रीत. एमपेग-4 मध्ये तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत मावतं, म्हणजे उपग्रहावरच्या तेवढ्याच जागेत जास्त वाहिन्या बसतात. त्या जागेचं भाडं भरणाऱ्या कंपन्या आज ना उद्या तिकडे वळणार हे उघड होतं, आणि त्या वळल्या की जुन्या बॉक्सला नवं चित्र उलगडता येणार नव्हतं. त्यात जूनमध्ये टाटा स्कायचं एचडी सुरू झालं. ऑक्टोबरात दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा होत्या, त्या दूरदर्शन एचडीत दाखवणार होतं. सगळं बदलायच्या बेतात असताना हार्ड डिस्कचा महागडा बॉक्स घरात आणायचा का, हा प्रश्न कुणालाही पडला असता.

माझ्या डोळ्यांसमोर मात्र आमची संध्याकाळ होती.

आमचा टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि स्वयंपाकघर आत, मध्ये अरुंद बोळ. मालिकांची वेळ आणि भाकरीची वेळ एकच. सासूबाई मालिका ऐकायच्या, पाहायच्या नाहीत. परातीत पीठ मळता मळता कान बाहेर लावलेला. बाहेर एकदम शांत झालं की आतून हाक यायची, "काय म्हणाली गं ती? रडतीये का?" माझी मुलगी एका वाक्यात काहीतरी सांगायची, त्यावर त्या बाकीचं मनानं जुळवायच्या. भाकरी तव्यावर टाकली की पाणी फिरवून बोळातून दारापर्यंत यायचं, पिठाचा हात पदरापासून लांब धरून उभ्यानं बघायचं, आणि भाकरी उलटायची वेळ झाली की परत आत. त्या दारातल्या उभ्या मिनिटांची बेरीज म्हणजे त्यांचा टीव्ही. मी शाळेतून आल्यावर हातभार लावायचे, पण भाकरी त्यांच्याच हातची लागायची सगळ्यांना, आणि तीही गरम.

आयपीएलचे दिवस, आठ वाजले की सामना सुरू. मग रिमोट पुरुषांकडे. त्यात काही भांडण नसायचं, ते ठरलेलंच होतं. कुणी म्हणेल, दुपारी पुनःप्रक्षेपण असतं की! असायचं. पण आमच्या भागाला भारनियमन दुपारीच. वीज यायची तोवर भाग संपलेला असायचा. त्या काळात मुंबईबाहेर राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. दिवसाचं वेळापत्रक महावितरणच्या तक्त्यावर बेतलेलं असायचं, दळण, पाणी, इस्त्री, सगळंच.

म्हणून "थांबा" हा सल्ला मला पटेना. थांबायचं कुणी? भाऊजींना काही थांबावं लागत नव्हतं, ते ऑफिसातून येऊन सोफ्यावर बसून हवं ते बघत होते. थांबायचं होतं दारात उभ्या राहणाऱ्या बाईनं, आणि तेव्हा त्यांची सत्तरी जवळ आली होती. तंत्रज्ञान येईल तेव्हा येईल. सत्तरीतल्या माणसाला "अजून वर्षभर दम धरा" म्हणताना आपण काय मागतोय त्याचा विचार करायला हवा, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुसरं, आमचा टीव्ही एकवीस इंची, जुन्या काचेच्या पिक्चर ट्यूबचा. त्यावर एचडी बॉक्स लावला असता तरी चित्र होतं तसंच दिसलं असतं. म्हणजे एचडीसाठी थांबणं हे खरं तर नव्या टीव्हीसाठी थांबणं होतं, आणि नवा टीव्ही मुलीच्या बारावीनंतरच शक्य होता. शिवाय एक गोष्ट मला दुकानात चौकशी करताना कळली, जी जाणकार भाऊजींच्याही ध्यानात आली नव्हती. 2008 च्या ऑक्टोबरात टाटा स्काय प्लस हा रेकॉर्डर आला तोच एमपेग-4 ला तयार होऊन आला होता. साधारण 45 तासांचं रेकॉर्डिंग आणि पुढची पद्धत वाचण्याची सोय, दोन्ही एकाच बॉक्सात. म्हणजे ज्या बदलाच्या भीतीनं लोक रेकॉर्डर घ्यायला कचरत होते, त्या बदलात साधा बॉक्स आधी अडकणार होता. वस्तू महाग आहे म्हणून ती लवकर जुनी होईल असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा उलटं असतं.

एका कंपनीचा रेकॉर्डर आम्ही घेतला.

बसवायला पोरगेलासा मुलगा आला. "काकू, दोन वायरी लागतील," म्हणाला. मी विचारलं, "एक आहे ना आधीची?" त्यानं गच्चीवर नेऊन दाखवलं. छत्रीच्या पुढे दांडीवर जो डबा असतो, एलएनबी म्हणतात त्याला, तो काढून त्यानं दोन तोंडांचा बसवला. बॉक्समध्ये दोन ट्यूनर, एकानं बघायचं आणि दुसऱ्यानं त्याच वेळी दुसरी वाहिनी उतरवायची, म्हणून प्रत्येकाला छत्रीपासून स्वतंत्र वायर. मग तो वर छत्री सूतभर इकडे, सूतभर तिकडे करत होता आणि मी खाली पडद्यावरचा आकडा मोठ्यानं वाचत होते. "साठ... सत्तर... अरे गेला!" 36,000 किलोमीटरवरून येणारा तो संदेश नटाच्या अर्ध्या फेऱ्यानं हातचा जात होता. सासूबाई पायरीवर बसून हे सगळं बघत होत्या. त्याला चहा देताना त्यांनी एकच विचारलं, "पावसात चालंल का?" "जोराचा आला तर जाईल थोडा वेळ, आजी," तो म्हणाला. खरं बोलला. या लहरींना मुसळधार पाऊस आडवा येतोच, त्याला कुठल्याच बॉक्सचा इलाज नाही.

विजेचा इलाज मात्र आम्हीच केला. वीज गेली की रेकॉर्डिंग अर्धवट राहणार आणि फिरत्या डिस्कला झटका बसणार, म्हणून बॉक्सची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डाला जोडली. असे बॉक्स चालू असताना सारखं काहीतरी उतरवतच असतात, त्यामुळेच चालू कार्यक्रम थांबवता येतो, मागे नेता येतो. म्हणजे डिस्कला विश्रांती अशी नाहीच.

आमच्याकडच्या जुन्या व्हीसीआरशी मी मनात त्याची तुलना करायचे. व्हीसीआरच्या कॅसेटवर चित्र उतरताना फिकं पडायचं, आणि कॅसेट घासली की त्यावर पांढऱ्या रेघा यायच्या. हा रेकॉर्डर चित्राला हातच लावत नाही. वरून जे दाबलेलं चित्र येतं ते जसंच्या तसं डिस्कवर ठेवून देतो, म्हणून नंतर पाहिलं तरी ताजंच दिसतं.

लाल बटण दाबायचं, एवढंच सासूबाईंना शिकवावं लागलं. बाकी त्या आपणहून शिकल्या. पूर्ण मालिका लावून ठेवायची, पाहून झालेला भाग काढून टाकायचा, जागा किती उरली ते बघायचं. वाहिनीचा कार्यक्रम दोन मिनिटं उशिरा सुरू झाला की शेवट कापला जायचा, आणि मालिकेत सगळं शेवटच्या दोन मिनिटांतच घडतं! मग त्यांनी मुलीकडून पाच मिनिटं पुढे वाढवून घ्यायची सोय शोधून घेतली. चार वाजता वीज आली की आदल्या संध्याकाळचे भाग लावून, पाय पसरून, शेंगा सोलत बसायच्या. शेजारच्या काकूही यायला लागल्या. भाकरी करताना त्यांचा कान आता बाहेर नसायचा. "आज काय झालं ते सांगू नकोस हं," असं मुलीला बजावायच्या, आणि आमच्याशी गप्पा मारायच्या. स्वयंपाकघरातलं बोलणं वाढलं. रेकॉर्डरनं आमच्या घरात हे केलं, आणि केवळ त्यासाठी मी तो पुन्हा दहा वेळा घेतला असता.

आषाढी एकादशीची पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्रीवर पहाटेच्या काळोखात थेट दाखवतात. एवढ्या रात्रीचं जागरण त्यांना झेपायचं नाही. रेकॉर्डर आल्यापासून ती पूजा आमच्याकडे सकाळी आंघोळीनंतर व्हायची. देवाला स्नान घालतानाचं चित्र त्या थांबवून ठेवायच्या आणि हात जोडायच्या. 2011 च्या दोन एप्रिलचा वानखेडेवरचा अंतिम सामनाही त्याच डिस्कवर होता, तो ह्यांनी कितीदा पाहिला त्याची गणती नाही.

आणि एक गोष्ट होती, जिच्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ एकदा टीव्हीवर आलं. छोटासा कार्यक्रम, त्यात आमच्या मंडळाचा एक अभंग. सासूबाई मागच्या रांगेत डावीकडे, हातात टाळ, नवी हिरवी नऊवारी. कॅमेरा त्यांच्यावरून फिरून गेला तेव्हा त्या जरा बावरल्या आणि टाळ अर्ध्या मात्रेनं चुकला. घरी आम्ही ते पुन:पुन्हा लावून पाहिलं. त्या अभंगाला यादीत त्यांनी कुलूप लावून घेतलं होतं, चुकून कुणी पुसू नये म्हणून.

काही वर्षांनी डिस्क गेली. आधी चित्र अडखळायला लागलं, मग बॉक्स सुरूच होईना. तेव्हा सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. कंपनीचा माणूस आला, सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, नवा बॉक्स देतो. रेकॉर्डिंग मात्र मिळणार नाही." मी म्हटलं, ही डिस्क पुण्याला पाठवते, डेटा काढून देणारी माणसं असतात. तो म्हणाला, "डिस्क उघडली तरी काही दिसणार नाही."

त्याचंही खरंच होतं. वाहिनी वरून येते ती कुलूपबंद येते, पैसे भरणाऱ्यालाच दिसावी म्हणून. रेकॉर्डर ती कुलपासकट डिस्कवर ठेवतो. किल्ली त्या बॉक्समध्ये आणि त्याच्या कार्डात. ती डिस्क काँप्युटरला लावा, शेजारच्यांच्या तसल्याच बॉक्सला लावा, हाती काहीच लागत नाही. पायरसीची भीती मला समजते. सिनेमाला कुलूप असायला हवं हेही मान्य. पण एका गल्लीतल्या बायकांनी म्हटलेला अभंग, जो एकदा लागला आणि परत लागणार नाही, त्यालाही तेच कुलूप? ज्या घरातली बाई त्या चित्रात आहे त्या घरालाही ते उघडता येऊ नये? हे मला अन्यायाचं वाटतं, आणि तंत्रज्ञान बदलण्यापेक्षा कितीतरी मोठा धोका वाटतो. बॉक्स जुना झाला तर नवा मिळतो.

कॅसेटचं तसं नव्हतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 1984 मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानं निकाल दिला होता की कार्यक्रम घरी टेप करून नंतर सवडीनं पाहणं हा कॉपीराइटचा भंग नाही. हॉलिवूडच्या कंपन्या त्या यंत्रावर बंदी मागत होत्या. ती आली नाही म्हणून काय काय वाचलं बघा. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. त्या तीस वर्षांहून जास्त काळ घरात एकाच वेळी अनेक व्हीसीआर लावून टीव्हीवरच्या बातम्या टेप करत राहिल्या, 2012 मध्ये वारल्या तोपर्यंत. सत्तर हजारांच्या आसपास कॅसेटी. आज तो साठा इंटरनेट अर्काइव्हकडे आहे. वाहिन्यांनी स्वतःकडे जे जपलं नाही ते एका बाईच्या घरात सापडतं, कारण कॅसेट त्याच पद्धतीच्या कुठल्याही व्हीसीआरमध्ये चालते. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, 2016 मध्ये थांबली, तरी त्या कॅसेटी वाचता येतात. यंत्र मेलं, पण त्यात ठेवलेलं जगलं. माझ्या रेकॉर्डरमध्ये ठेवलेलं त्याच्याबरोबरच गेलं.

आमच्याकडे एक तुकडा उरला आहे. कधीतरी माझ्या मुलीनं तो अभंग टीव्हीवर लावून मोबाइलनं पडद्याचंच शूटिंग केलं होतं. चित्र तिरकं, मध्ये पंख्याचा आवाज, पडद्यावर खिडकीचा उजेड. पण टाळ चुकतो ते ऐकू येतं. हे शूटिंग आता घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर आहे.

बाकी बदलाचं म्हणाल तर जो यायचा तो आला, आणि भलतीकडून आला. एमपेग-4 ला आमच्या बॉक्सनं काही कुरकुर केली नाही. जुने बॉक्स कंपन्यांनी हळूहळू बदलून दिले. 2015 च्या जानेवारीत टाटा स्कायनं 4के बॉक्स आणला, आणि पुढच्याच महिन्यात हॉटस्टार सुरू झालं. खरा फरक पडला 2016 च्या सप्टेंबरात जिओ आल्यावर. डेटा इतका स्वस्त झाला की मालिका कधीही, कुठेही, मोबाइलवर. रेकॉर्ड करायची गरजच उरली नाही असं सगळे म्हणायला लागले. भाऊजींनी 2010 मध्ये एचडीची भीती घातली होती. रेकॉर्डरचा खरा प्रतिस्पर्धी त्यांच्या खिशात होता, आणि तो तेव्हा ना त्यांना दिसला, ना दुकानदाराला, ना कंपन्यांना. पुढचं पाहून खरेदी करणाऱ्यांचा अंदाज असाच कुठेतरी भलतीकडे लागतो, म्हणून त्या अंदाजावर आजची निकड टांगून ठेवू नये एवढंच माझं म्हणणं.

अॅपवर सगळं कायम असतं हेही खरं नाही. हक्कांची मुदत संपली की मालिका एका रात्रीत गायब होते. स्थानिक वाहिनीवरचा, सणाच्या दिवशीचा, गावाकडचा कार्यक्रम तर बहुतेकदा चढतच नाही. डिशच्या बाबतीत तर एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालत नाही, कंपनी बदलली की तो अडगळीत. हे बॉक्स कुठेही चालावेत अशी शिफारस ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, एप्रिल 2020 मध्ये केली. ती मनापासून अमलात यायला हवी, आणि माझी त्यात भर अशी की रेकॉर्डिंगही नव्या बॉक्सवर नेता यायला हवं. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, तर घरातलं रेकॉर्डिंग का नेता येऊ नये?

गेल्या महिन्यात मिरजेच्या भाच्यानं विचारलं, "मामी, आजीसाठी रेकॉर्डिंगवाला बॉक्स घेऊ का? का सगळं अॅपवरच येणारे आता?" त्याच्या आजीला, म्हणजे माझ्या नणंदेच्या सासूबाईंना, कीर्तन आणि सह्याद्री एवढंच लागतं, आणि मोबाइलचा पडदा दिसत नाही. मी त्याला फ्री डिश सुचवली. दूरदर्शनच्या त्या मोफत सेवेवर सह्याद्री कुलूप न लावता येते. बाजारात तिचे साधे बॉक्स मिळतात, त्यांतल्या बऱ्याच बॉक्सना मागे यूएसबीची खाच असते. पेन ड्राइव्ह लावायचा, लाल बटण दाबायचं. तासाला साधारण दीड-दोन जीबी जागा लागते. पेन ड्राइव्ह जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला असेल तर मोठ्या रेकॉर्डिंगचे चार-चार जीबीचे तुकडे पडतात, त्याला घाबरायचं कारण नाही. ती फाइल लॅपटॉपवर चालते, दुसऱ्या बॉक्सवर चालते, आणि बॉक्स बिघडला तरी आपल्याकडे राहते. घेताना दुकानातच रेकॉर्डिंग करून, पेन ड्राइव्ह काढून लॅपटॉपवर लावून बघ, असं त्याला दोनदा बजावलं.

"पण मामी, फ्री डिशवरही नवीन पद्धत येतीये म्हणतात. वर्षभर थांबू का?"

आजींचं वय विचारलं. ब्याऐंशी. आजच घेऊन ये म्हटलं.